अर्ध्या चेहऱ्याचे चौबळकाका

प्रकाशाने माणसाचं अंतरंग उजळतं, असं थोर लोक हजारो वर्षं सांगत आलेले आहेत. त्याने बहिरंगही उजळतं असं मानणारा एकच माणूस मी जवळून पाहिला. त्या माणसाने या सत्याच्या शोधात आपल्या चेहऱ्याची दहा वर्षं वेचली. नेमकं सांगायचं तर अर्ध्याच चेहऱ्याची. उरलेला अर्धा तुलनेसाठी राखून ठेवला होता.

ते आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत तळमजल्यावर राहत. श्रीधर चौबळ. मी बरोबर त्यांच्या वरच्या खोल्यांत राहत होते आणि ठाण्याच्या एका कॉलेजात तर्कशास्त्र शिकवत होते. हा विषय घेणारी मुलं दरवर्षी कमी होत होती, त्यामुळे माझ्याकडे शेजाऱ्यांसाठी वेळ असे.

चौबळकाकांनी तेवीस वर्षं वागळे इस्टेटमधल्या एका बल्बच्या कारखान्यात तपासणी विभागात काढली होती. समोरच्या पट्ट्यावरून पेटलेले बल्ब सरकत जायचे आणि काका प्रत्येकाकडे काही क्षण बघून निकाल द्यायचे. पास, रिजेक्ट, किंवा पुन्हा तपासणी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कारखाना बंद पडला. काका घरी आले ते तिन्ही रबरी शिक्के, एक शाईचं पॅड आणि एक सिद्धांत घेऊन.

सिद्धांत असा. कारखान्यात लाइफ टेस्टची एक खोली होती. तिथे शेकडो बल्ब दिवसरात्र पेटते ठेवत आणि कोणता कधी जातो याची नोंद घेत. त्या खोलीत काम करणाऱ्या बायका पॅकिंगच्या बायकांपेक्षा दहा-बारा वर्षांनी तरुण दिसत. बल्बही तेच, जेवणाचा डबाही तोच, कारखानाही तोच. फरक फक्त अंगावर पडणाऱ्या उजेडाचा.

"लाइफ टेस्टला कोणाला घ्यायचे?" मी विचारलं.

"ज्यांची नजर चांगली त्यांना."

"म्हणजे तरुण मुलींना. काका, त्या तरुण दिसत होत्या कारण त्या तरुण होत्या."

काकांनी मान हलवली. "शक्यता आहे. नोंद घेतो." आणि त्यांनी खरंच वही काढून माझी हरकत लिहिली, खाली माझं नाव आणि तारीख घातली. वादात हरलेला माणूस मी कॉलेजात रोज पाहत होते, पण हरल्याची पोच देणारा हा पहिलाच.

हरकत नोंदवून झाल्यावर त्यांनी केंद्र उघडलं. भांड्यांच्या दुकानातून एक मोठी अॅल्युमिनियमची परात आणली, ती उलटी टांगली आणि तिच्या पोटात सहा लाल दिवे बसवले. अशा दोन पराती, खाली दोन आरामखुर्च्या, खिडकीला जाड पडदा. दारावर पाटी: 'मुखोदय. प्रकाशोपचाराने चेहऱ्याचा कायाकल्प. फक्त महिलांसाठी.' नाव त्यांचं त्यांनीच शोधलं होतं. काकू म्हणाल्या, "सूर्योदय ऐकलाय, भाग्योदय ऐकलाय. मुखाचा उदय कुठून होणार, मानेतून?" काकांनी त्याचीही नोंद घेतली.

उपचाराचे नियम कडक होते. बारा मिनिटं. डोळ्यांवर गुलाबपाण्यात भिजवलेला कापूस. बोलायचं नाही, हसायचं नाही, कारण हसताना गालाला घड्या पडतात आणि घडीच्या आत उजेड पोचत नाही. दाराबाहेर काका स्टुलावर बसत. कोणाचा मुलगा आईला हाक मारायला आला, कोणाची नणंद किल्ली मागायला आली, तरी काका आत सोडत नसत. "प्रक्रिया चालू आहे," एवढंच सांगत. बारा मिनिटं झाली की हातातली सायकलची घंटी एकदा वाजवत.

पहिल्या भेटीत तपासणी होई. बाईला उजेडात उभं करून काका हात मागे बांधत आणि म्हणत, "फिरा. सावकाश." मग निदान. "डाव्या गालावर दोन डाग. मालात दोष नाही, हाताळणीत आहे." डोंबिवलीतल्या बायकांना आपल्या चेहऱ्याबद्दल नवऱ्याकडून, सासरकडून आणि आरशाकडून पुष्कळ ऐकायची सवय होती. मालात दोष नाही असं आजवर कोणी बोललं नव्हतं. त्या लगेच कार्ड काढत.

दर वीस बैठकांनंतर काका पुन्हा तपासत आणि कार्डावर निकाल लिहीत. निकाल ठरलेला होता: 'फरक नाही.' पुढे लिहून हात दुखायला लागला तेव्हा त्यांनी त्याचा चौथा शिक्का करून घेतला. 'पास'चा शिक्का त्या घरात कोरडाच राहिला. मला वाटलं होतं, तीन महिन्यांत धंदा बसेल. झालं उलट. फरक पडला असं सांगणारी तीन पार्लरं त्याच रस्त्यावर होती, त्यांच्यावर कोणाचा विश्वास नव्हता. फरक नाही असं छापून देणारा माणूस खोटं कशाला बोलेल, असा बायकांचा हिशोब. त्या पुढच्या वीस बैठकांसाठी नाव नोंदवून जात.

समोरच्या इमारतीतल्या कुलकर्णीबाईंनी मात्र एकदा धीर सोडला. त्यांच्या मेघनाला रविवारी बघायला येणार होते आणि शनिवारी वीस बैठका पुऱ्या झाल्या.

"चौबळ, पोरीला जरा सांगा फरक पडलाय म्हणून. तिला हुरूप येईल."

"पडलेला नाही," काका म्हणाले.

"अहो, माहितीये मला. नुसतं सांगायचंय."

काकांनी मेघनाला पुन्हा एकदा फिरायला लावलं. मग कार्डावर 'फरक नाही'चा शिक्का मारला आणि खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मूळ मालात दोष आढळला नाही. पुन्हा तपासणीची गरज नाही.' सही, तारीख.

हे कार्ड मेघनाच्या वडिलांनी घाईघाईत पत्रिकेच्या पाकिटात टाकलं आणि रविवारी ते पाकीट जसंच्या तसं पाहुण्यांच्या हातात गेलं. मुलाची आई जिल्हा कचेरीत हेडक्लार्क होती. तिने पत्रिका बाजूला ठेवली, कार्ड उजेडाकडे धरून शिक्का नीट पाहिला, सही पाहिली, आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला म्हणाली, "कागद व्यवस्थित आहेत." लग्न मार्गशीर्षात झालं.

आता अर्ध्या चेहऱ्याविषयी.

बायकांच्या निकालांवर काकांचा भरवसा नव्हता. बायका घरी कोणतं उटणं लावतात, कोण किती उन्हात जातं, काही ताबा नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून ते स्वतःवर प्रयोग करत होते. रोज सकाळी सहाला ते परातीखाली बसत. डाव्या बाजूला उजेड. उजवी बाजू झाकलेली. झाकायला काकूंनी जुन्या छत्रीच्या कापडाचा अर्धा मुखवटा शिवून दिला होता. दूधवाला पहिल्या दिवशी दूध न देताच परत गेला. काकू त्याला दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "घाबरू नकोस रे. ते रोज अर्धं तोंड काळं करतात, दुपारपर्यंत उतरतं."

डाव्या गालाला लाल दिवा द्यायचा, बाकी सगळं दोन्ही गालांना समान. याला काका 'कंट्रोल' म्हणत आणि कंट्रोल पाळणं हे काही साधं काम नव्हतं. बाजारात जाताना ऊन डाव्या गालावर पडलं की येताना ते तेवढाच वेळ उजव्या गालावर पडेल असा रस्ता धरावा लागे, त्यामुळे कोथिंबिरीची जुडी आणायला त्यांना चाळीस मिनिटं लागत. बसने ठाण्याला निघाले की निम्म्या वाटेत उठून ते पलीकडच्या खिडकीत जाऊन बसत. एकदा मी बरोबर होते. त्या खिडकीत एक गृहस्थ बसलेले होते.

"जरा सरकता का? माझा उजवा गाल राहिलाय," काका म्हणाले.

गृहस्थ सरकले. सरकले ते थेट पुढच्या दारापाशी जाऊन उभे राहिले.

झोपायचं उताणं. दाढी सम तारखेला डावीकडून, विषम तारखेला उजवीकडून. नात आली आणि तिने डाव्या गालाची पापी घेतली की ते लगेच उजवा पुढे करत. दुसरा गाल पुढे करणारा एवढा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. त्यामागे कसलंही तत्त्वज्ञान नव्हतं.

अशी दहा वर्षं होत आली आणि ठाण्यात खऱ्या मशीनचा दवाखाना निघाला. परदेशी यंत्र, काचेचं दार, आत गारवा. त्यांनी एका हॉलमध्ये परिचयाचा कार्यक्रम ठेवला होता. काका मला घेऊन गेले. तरुण डॉक्टरांनी पडद्यावर चेहरे दाखवले, उपचारापूर्वीचे आणि नंतरचे. आधीच्या चेहऱ्यांवर विलक्षण दुःख होतं. नंतरच्या चेहऱ्यांना बहुधा फोटोच्या आधी चहा मिळाला होता.

प्रश्नोत्तरांत काका उभे राहिले. "दोन्ही फोटोंत दिवा एकच होता का?"

डॉक्टर म्हणाले, "साधारण."

"आणि अर्धा चेहरा तसाच ठेवून बघितलंय का कोणाचा?"

हॉलमध्ये हसू पसरलं. डॉक्टर भला माणूस असावा. तो हसला नाही. "काका, अर्ध्या चेहऱ्याला कोण तयार होणार?"

"मी झालो. दहा वर्षं होतील येत्या दसऱ्याला."

डॉक्टर पुढे आले, त्यांनी काकांचा चेहरा दोन्ही बाजूंनी पाहिला. मग अगदी सरळपणे विचारलं, "मग काय निघालं?"

काकांनी प्रश्नाची नोंद घेतली. दहा वर्षं ते इतरांच्या कार्डांवर शिक्के मारत होते आणि स्वतःचं कार्ड कोरं होतं. येताना ते निम्म्या वाटेत जागा बदलायचं विसरले. इमारतीच्या जिन्यापाशी मला म्हणाले, "बाई, तपासणी करून घ्यायला हवी. आपल्या बिल्डिंगमध्ये नको, इथे सगळ्यांना डावा-उजवा माहीत आहे. तुमच्या कॉलेजात पाच माणसं बघा, अनोळखी. फरक नाही निघाला तर पाटी काढणार. त्या पाटीवर कायाकल्प लिहिलंय मी."

ही बातमी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गल्लीत पसरली. संध्याकाळी काकू माझ्याकडे आल्या, पदराला हात पुसत. त्या सहसा वर येत नसत.

"शुभा, तुझी माणसं जरा बघून निवड गं."

"म्हणजे कशी?"

"चष्मा असलेली."

"काकू, तुम्हाला वाटतंय फरक नाही निघणार?"

"मी रोज समोर बसते ना जेवायला. दोन्ही गाल एकाच वयाचे आहेत," काकू म्हणाल्या. "माझं सोड. ह्यांना दारातल्या स्टुलावरून उठवलंस ना, तर हा माणूस दिवसभर घरातले बल्ब तपासत बसेल. आणि त्या बायकांचं काय? रोज दहाबारा जणी येतात. एवढ्या सगळ्या काय चेहऱ्यासाठी येतात?"

तर्कशास्त्रात शेजारधर्माचं प्रकरण नाही.

दसऱ्यानंतरच्या शनिवारी आमच्या स्टाफरूममध्ये तपासणी झाली. काका खिडकीसमोर खुर्चीत बसले, उजेड दोन्हीकडून सारखा येईल असे. ते घाबरलेले होते. पाच सहकाऱ्यांनी एकेक करून जवळ यायचं, बघायचं आणि कोणती बाजू तरुण वाटते ते चिठ्ठीवर लिहायचं. अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी तरुणची व्याख्या मागितली, ती देण्यात आली नाही. आमचा शिपाई सखाराम सगळ्यांत जास्त वेळ बघत राहिला.

चिठ्ठ्या मी उघडल्या. दोन डाव्या. दोन उजव्या. पाचवी सखारामची: 'दोनी बाजू सारख्याच दमल्यात.'

काकांनी पाचही चिठ्ठ्या घडी घालून खिशात ठेवल्या, सखारामला नमस्कार केला. घरी आल्यावर कपाटातून स्वतःचं कार्ड काढलं, 'फरक नाही'चा शिक्का मारला, फुंकर घालून वाळवला. मग स्टूल दारात ठेवून वर चढले आणि पाटीचे स्क्रू काढू लागले. काकूंनी खालून स्टूल धरलं होतं. "सावकाश," एवढंच त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी पहिली आली ती पारूबाई. खाडीवरून पहाटे मासळी आणून विकायची, टोपली रिकामी झाली की अकराच्या सुमारास मुखोदयात हजर. सहा वर्षं तिने एक दिवस चुकवला नव्हता. बंद दार बघून ती पायरीवरच बसली.

"काय र दादा, लाइट का बंद?"

"पारूबाई, तपासणी झाली. त्या दिव्याने काही होत नाही. चेहरा आहे तसाच राहतो."

"त्या मना ठाव नाय काय? माज्या घरान आरसा हाय."

"मग येत कशाला होतीस?"

पारूबाईने काकूंकडे बघितलं, या माणसाला कसं सांगायचं अशा नजरेने. "दादा, मासली घेनारा मासलीचा डोला बघतो. माजा तोंड कोन बघतो? मी त निजाला येते. तीनला उठते मी. घरान जरा पाठ टेकली का चौघा हाका मारतान. हितं बारा मिंटा कोन हाक मारीत नाय. तू बाहेर बसलेला असतंस ना, कुत्र्यावानी."

काकांनी हातातली घंटी खाली ठेवली. मग काकूंना म्हणाले, "तुला माहीत होतं?"

"अहो, त्यांतल्या निम्म्या घोरतात," काकू म्हणाल्या. "तुम्हाला दाराबाहेर ऐकू येत नव्हतं?"

"मला वाटलं, आतल्या ट्यूबलाइटचा चोक खराब आहे."

मला वाटलं, प्रश्न सुटला. मी काकांना ओळखलं नव्हतं. आठवड्यात नवी पाटी लागली: 'विश्रांती केंद्र. बारा मिनिटे. फक्त महिलांसाठी.' एक अक्षर खोटं नव्हतं. दिवे काढले, खुर्च्या तशाच ठेवल्या, कापूस आणि गुलाबपाणीही तसंच.

एकही बाई आली नाही. महिनाभर काका रिकाम्या खोलीबाहेर स्टुलावर बसून होते. पारूबाईसुद्धा लांबून टोपली घेऊन जायची. शेवटी मेघनाची आई येऊन स्पष्ट बोलली.

"चौबळ, जरा डोकं चालवा हो. घरी काय सांगायचं? सासूबाई, मी झोपायला जाते, शेजारी? चेहऱ्याचा उपचार म्हटलं की आजारासारखं असतं, कोणी अडवत नाही. विश्रांतीला कोण सोडतं?"

"पण चेहऱ्याला काही होत नाही."

"ते आम्हाला माहीत आहे. त्यांना कुठे माहीत आहे?"

काका दोन दिवस जेवतानाही वहीत ओळी लिहून खोडत होते, असं काकू सांगत. खोटं लिहायचं नाही आणि बायकांना तर झोपू द्यायचं. तिसऱ्या दिवशी ते पेंटरकडे गेले, आणि जी पाटी लागली ती मी पुढे कित्येकांना नेऊन दाखवली. वर मोठ्या, लाल, फुगीर अक्षरांत: 'मुखोदय. चेहऱ्यासाठी लाल प्रकाश.' आणि अगदी तळाला, करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत: 'दहा वर्षे तपासले. फरक पडत नाही.' सासवांना ती ओळ चष्म्याशिवाय दिसत नसे, आणि शेजारच्या दाराची पाटी वाचायला चष्मा घेऊन कोणी निघत नाही. पराती पुन्हा टांगल्या गेल्या. पंधरा दिवसांत दोन्ही खुर्च्या भरल्या, आणि काका स्टुलावर परत आले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मी ठाण्याला राहायला गेले त्या मे महिन्यात. सामान टेम्पोत चढलं होतं, सकाळचे अकरा वाजून गेले होते, आणि मी निरोप घ्यायला तळमजल्यावर गेले. काका दाराबाहेर बसलेले, हातात घंटी. दार किलकिलं होतं. आतल्या खुर्च्यांत मेघनाची आई आणि पारूबाई, डोळ्यांवर कापूस, तोंडं किंचित उघडी. पंखा बंद होता. डोक्यावरच्या पराती अंधाऱ्या होत्या. जिन्यातला दिवाही नव्हता.

"काका, लाइट गेलेत," मी हळूच म्हटलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मग मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. तेवीस वर्षं बंद बल्ब पट्ट्यावरून उचलून बाजूला काढणारा तो माणूस त्या बारा बंद दिव्यांसमोर निकाल न देता बसून राहिला. त्याचे कान लाल झाले होते, दोन्ही. आतून घोरण्याचा आवाज येत होता, एक बारीक आणि एक खाडीवरचा. वेळ झाल्यावर त्यांनी घंटी वाजवली, एकदाच.

पारूबाईने उठून कापूस काढला, गालावरून हात फिरवला आणि जाता जाता म्हणाली, "आज लाइट बरा लागला, दादा. चटका नाय."

"नोंद घेतो," चौबळकाका म्हणाले.

लाइट संध्याकाळी साडेसहाला आले, असं काकूंनी नंतर सांगितलं.